परक्या मैदानावरची पहिली माणसे

क्षिप्रेच्या रामघाटावर पौषातल्या पहाटे स्नानाला उतरणाऱ्यांना थंडी म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. तरीही क्षिप्रेचे पाणी गोठलेले कोणी पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या माळव्यात बर्फ ओळखीचा, तो उसाच्या रसाच्या गाड्यावरचा. फार तर लग्नघरी सरबताच्या पिंपात तरंगणारा. अशा गावी बसून हिवाळी ऑलिम्पिकचा विषय काढावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु आम्हांला या विषयाकडे ज्या प्रश्नाने ओढले तो मुळात बर्फाचा नाही, मैदानाचा आहे. खेळांच्या जगात लहान राष्ट्र कोणास म्हणावे, हा तो प्रश्न.

नकाशा पाहून उत्तर द्यायचे तर ते सोपे आहे. आल्प्स पर्वताच्या कुशीत, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधोमध, लिख्टेनश्टाइन नावाचे एक संस्थान आहे. क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर आणि वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या उज्जैन शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या वर भरली होती, यावरून तुलना करावी. या चिमुकल्या देशाच्या हानी वेन्झेल या युवतीने १९८० साली लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्ण व एक रौप्य अशी तीन पदके मिळविली. २०१८ पर्यंत त्या देशाच्या नावावर हिवाळी खेळांतील दहा पदके जमा झाली होती, आणि दहाही डोंगरउतारावरील स्कीइंगची होती. याउलट आपला खंडप्राय देश १९६४ साली प्रथम या खेळांत उतरला आणि २०२२ च्या बीजिंगपर्यंत त्याच्या वाट्यास एकही पदक आले नव्हते. म्हणजे बर्फाच्या मैदानावर लिख्टेनश्टाइन हे मोठे राष्ट्र आणि लहान राष्ट्र ते आपण! जो दुसऱ्याच्या मैदानावर, दुसऱ्याच्या नियमांनी, तुटपुंज्या साधनांनिशी उतरतो तो लहान. या अर्थाने आपल्या मराठी माणसांनीही हे लहानपण अनुभवले आहे, आणि त्याचा पहिला अध्याय पुण्यात लिहिला गेला आहे.

त्याचे असे झाले. हिवाळी ऑलिम्पिक स्वतंत्रपणे भरू लागले ते १९२४ पासून, फ्रान्समधील शामोनी येथे. तत्पूर्वी, १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे जे ऑलिम्पिक झाले, त्यातच एप्रिल महिन्यात बर्फावरील हॉकी व स्केटिंग यांच्या स्पर्धा उरकण्यात आल्या होत्या. पुढे ऑगस्टमध्ये मुख्य खेळांचे उद्घाटन झाले. पाच कड्यांचा ऑलिम्पिक ध्वज खेळांच्या मैदानावर प्रथम फडकला तो याच अँटवर्पमध्ये. या ध्वजाची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे. आणि याच अँटवर्पमध्ये हिंदुस्थानातून निवडून पाठविलेला पहिला संघ उतरला.

या संघाचे मूळ पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद त्या काळी सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. १९१९ सालच्या तेथील क्रीडा-मेळाव्यात दोराबजींनी धावण्याच्या शर्यती पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील, पायांत काही न घालता पळणारे. युरोपात रूढ असलेले शर्यतींचे नियम व रीती त्यांना ठाऊक नव्हत्या. मात्र त्यांच्यांतील काहींचे वेग युरोपीय धावपटूंच्या जवळ जाणारे आहेत, हे दोराबजींच्या नजरेने टिपले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे पाठबळ मिळवून त्यांनी हिंदुस्थानचा संघ पाठविण्यास मान्यता आणविली. पुढील वर्षी पुण्यात निवड-स्पर्धा झाल्या, आणि दोराबजींनी त्या कामी पदरचा पैसाही घातला. संघ कसला, मूठभर माणसेच ती! त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते, बंगालचे पी. सी. बॅनर्जी हे ध्वजवाहक होते. देश पारतंत्र्यात असल्याने त्यांनी हाती धरावा असा स्वतःचा राष्ट्रध्वज त्यांना नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

निकाल काय लागला? चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडले. विजेता ठरला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन, आणि त्याच्यात व आपल्या बेळगावकराच्यात अंतर राहिले सुमारे अठरा मिनिटांचे. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. बॅनर्जी पहिल्याच फेरीत मागे पडले. शिंदे मात्र आपल्या वजनगटात थेट चौथ्या स्थानापर्यंत पोहोचले; पदक एका पायरीने हुकले.

आमची हयात राज्य शासनाच्या दप्तरात गेली. त्या अनुभवावरून आम्ही सांगतो की, दप्तराचा स्वभाव मोठा कठोर असतो. रकान्यात जे बसते ते टिकते, जे बसत नाही ते कालांतराने नाहीसे होते. पदकांच्या तक्त्यात १९२० सालच्या हिंदुस्थानसमोर शून्य आहे. ‘एकोणिसावा’ आणि ‘चौथा’ यांना त्या तक्त्यात रकानाच नाही. पण इतिहास म्हणजे केवळ तक्ता नव्हे. त्या मूठभर माणसांच्या जाण्याने वाट पडली. १९२४ साली पॅरिसला अधिक तयारीचा संघ गेला. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली आणि दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला हॉकीचे सुवर्णपदक आले. कळस सर्वांना दिसला. पाया मात्र अनवाणी पळणाऱ्यांच्या शर्यती पाहून घातला गेला होता.

मैदान परके असणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर खाशाबा जाधव यांची कथा आठवावी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल तांबड्या मातीत घडलेला. आपल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले की निकाल लागला. ऑलिम्पिकची कुस्ती मात्र गादीवरची. तेथे चीत करण्याखेरीज गुणांचाही हिशेब असतो, पवित्रा वेगळा, आणि पायाखालची पकडही वेगळी. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा लंडनला गेले, ते अशा गादीचा सराव नसतानाच. तरीही सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी ही परकी विद्या आत्मसात करण्यात घालविली. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैशाची अडचण पडली तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांस गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी ते ऋण फेडले. १९८४ साली ते निवर्तले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला तो २००० सालचा. सहाव्या क्रमांकाची ती लंडनवारी झाली नसती तर हेलसिंकीचे पदक कोठून येते?

आता पुन्हा बर्फाकडे वळू. १९६४ साली इन्सब्रुक येथे भारताच्या वतीने प्रथम उतरले ते जेरेमी बुजाकोवस्की, जन्माने पोलिश. १९६८ साली ग्रेनोब्लला तेच पुन्हा गेले. १९८८ च्या कॅल्गरीत शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिम्पिकमधील पहिली भारतीय महिला ठरली. १९९८ साली जपानमधील नागानो येथे मनालीच्या बाजूचा सोळा वर्षांचा शिव केशवन ‘ल्यूज’ या प्रकारात उतरला. बर्फाच्या वळणावळणांच्या पन्हळीतून, पाठीवर निजून, पाय पुढे करून घसरगाडी हाकण्याचा हा खेळ. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. त्यासाठी लागणारी बर्फाची कृत्रिम वाट आपल्या देशात नव्हती. मग हा गडी घसरगाडीला चाके लावून हिमालयातील डांबरी रस्त्यांवर, मालमोटारी आणि गुराढोरांना चुकवीत, सराव करीत असे. आम्हांस यात फडेप्पांचे अनवाणी पाय दिसतात. केशवन १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळले. सर्वांत चांगली कामगिरी म्हणजे २००६ साली तुरीन येथे मिळालेला पंचविसावा क्रमांक.

यांतील २०१४ चा सोची येथील प्रसंग विशेष आहे. भारतीय ऑलिम्पिक संघटनेला डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने निलंबित केले होते. परिणामी सोचीच्या उद्घाटन-संचलनात शिव केशवन, हिमांशू ठाकूर व नदीम इक्बाल हे तिघे तिरंग्याविना चालले. त्यांच्यापुढे होता पाच कड्यांचा ऑलिम्पिक ध्वज. तोच, जो १९२० साली अँटवर्पमध्ये प्रथम फडकला होता. तेव्हा ध्वज नव्हता तो पारतंत्र्यामुळे. आता होता, पण संघटनेच्या कारभारामुळे हाती धरता येईना. खेळ चालू असतानाच, ११ फेब्रुवारीस, निलंबन उठले. तोवर केशवनची स्पर्धा आटोपली होती. उरलेल्या दोघांना मात्र भारताच्या नावाने उतरता आले. खेळाडूने वर्षानुवर्षे चाकांवर घासून कमावलेला मान कागदावरच्या हलगर्जीने कसा हिरावला जातो, हे आमच्यासारख्या कागदांत आयुष्य घालविलेल्या माणसास विशेष टोचते. पुढे २०२२ च्या बीजिंगला काश्मीरचा आरिफ खान हा स्कीपटू एकटाच गेला. ध्वजवाहकही तोच, संघही तोच. मोठ्या उताराच्या शर्यतीत तो पंचेचाळिसावा आला.

या चित्राची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येस नवे रूप दिले, ती शिकून जर्मनी, अमेरिका, जपान अशा देशांतील मुले-मुली आली होती. सागवानी खांबावर पाऊल टाकताना अमेरिका लहान होती आणि दादर मोठे! त्या पाहुण्यांपैकी कोण कितवे आले, याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली? पण त्यांच्या देशात मल्लखांब रुजलाच, तर त्यांच्या इतिहासातील फडेप्पा चौगुले तेच ठरतील.

आणि येथे ही कथा आपल्या रामघाटाशी येऊन पोहोचते. वाचकहो, आपण तरी कोण? राणोजी शिंद्यांच्या मागोमाग अठराव्या शतकात आपले पूर्वज या क्षिप्राकाठी आले. संख्येने थोडे, भाषेने निराळे, मैदान परके. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे सर्वांस ठाऊक आहे. कारण ते दगडात उभे आहे. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी अनेक कुटुंबे येथेच राहिली. मल्लखांबाची विद्याही या भूमीत रुजली, आणि आता ती केवळ मराठी राहिलेली नाही. २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा दर्जा दिला. २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मल्लखांबासाठी मिळाला तो उज्जैनच्या योगेश मालवीय यांना. पाहुण्यांची विद्या यजमानांची झाली, याहून मोठे यश ते कोणते?

परंतु या वाटेवरील पहिली माणसे कोण, याची नोंद आपल्याकडे आहे काय? कोणाच्या पणजोबांनी वाड्याच्या मागल्या अंगणात खांब पुरला, कोण तालमीत मुलांना विनामूल्य शिकवीत असे, कोणत्या घरची मुलगी प्रथम दोरीच्या मल्लखांबावर चढली, हे सांगणारी पिढी झपाट्याने ओसरत आहे. घरोघरी भिंतींवरील जुनी छायाचित्रे उतरविली जात आहेत, पेट्यांतील प्रशस्तिपत्रे कसर खात आहे. ती पदके नव्हेत, म्हणून ती कोणत्याही तक्त्यात येणार नाहीत. ती जपायची तर आपणच जपली पाहिजेत.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी छायाचित्रामागे नावे व साल लिहून ठेवावे, घरातील वडीलधाऱ्यांस विचारून दोन पाने टिपून काढावीत, आणि मंडळाच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत द्यावी. एकोणिसाव्या क्रमांकाचीही नोंद झाली होती, म्हणूनच आज आम्हांस बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांचे नाव लिहिता आले.