मातीची धरणे, सोलापूर जिल्ह्यातील

भीमा व सीना नद्यांच्या खोऱ्यांतील या अवर्षणप्रवण जिल्ह्यात शेतीला व पिण्याला पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकापासून बांधण्यात आलेली भरावाची धरणे. त्यांत एकरूख, आष्टी व उजनी ही प्रमुख होत.

एकरूख तलाव सोलापूरजवळ अदिला नदीवर असून त्याचे काम १८७१ मध्ये पूर्ण झाले. धरणाची लांबी सु. २,३६० मी. व उंची सु. २१ मी. आहे. हिप्परगा तलाव या नावाने तो सोलापूरकरांना परिचित असून शहराच्या पाणीपुरवठ्याचे एक साधन व फिरावयास जाण्याचे ठिकाण आहे. मोहोळ तालुक्यातील आष्टी तलावाचे काम १८७६-७७ च्या दुष्काळात सुरू झाले. हा भराव सु. ३,८७० मी. लांब व सु. १७·६ मी. उंच आहे. १८८३ मध्ये त्याचा काही भाग घसरला. पायाखालची क्षारयुक्त चिकणमाती भिजून दुबळी होणे, हे त्याचे कारण होते. काळी माती पाणी अडविते, पण ओली झाली की फुगते व वाळली की तडकते. म्हणून ती भरावाच्या गाभ्यात वापरून बाहेरून मुरमाचे कवच देणे व पायथ्याशी पाण्याच्या निचऱ्याची सोय करणे, ही पद्धत पुढे रूढ झाली.

माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी दगडी बांधकामाचा ४१ दरवाजांचा सांडवा व बाजूंस मातीचा भराव अशी त्याची रचना असून लांबी २,५३४ मी. व उंची ५६·४ मी. आहे. जलाशयाची एकूण क्षमता सु. ११७ अब्ज घ. फुट आहे, तीपैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा होय. यशवंतसागर या नावाच्या या जलाशयात इंदापूर, करमाळा आदी तालुक्यांतील गावांच्या जमिनी गेल्या. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले; पाणी फार ओसरले म्हणजे ते उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा मृतपातळीच्याही बराच खाली गेला होता. काठच्या गावांतील रहिवाशांस पैलतीरी जाण्यासाठी होडीचा आधार घ्यावा लागतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव–कळाशी मार्गावर होडी उलटून सहा जण बुडाले.

मातीच्या धरणास धोका मुख्यतः तीन प्रकारे संभवतो. पूर सांडव्यात न मावता माथ्यावरून वाहिला, तर भराव थोड्याच वेळात धुपून जातो. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर मातीचे कण वाहू लागले, तर आतून पोकळी पडते. म्हणून पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपणे तितके भयावह नसते, गढूळ पाणी मात्र धोक्याची सूचना होय. तिसरा प्रकार उतार घसरण्याचा. तो जलपातळी वेगाने उतरल्यास संभवतो. भरावावर वाढलेल्या झाडांची मुळे आणि उंदीर, घुशी यांची बिळे झिरप्यास वाट करून देतात.

हे धोके काल्पनिक नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेतचे अपूर्ण मातीचे धरण फुटले, त्याखालील खडकवासल्याचे धरणही भेदले गेले आणि पुराचे पाणी पुण्यात शिरले. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटून सु. वीस माणसे दगावली. गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधी तक्रार केल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. तिवरे धरण जुने नव्हते. वयापेक्षा देखभाल अधिक निर्णायक ठरते, असे त्यावरून दिसते.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वये १५ मी. हून उंच धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी करणे बंधनकारक आहे. उपर्युक्त तिन्ही धरणे या व्याख्येत येतात. एकरूख दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, यावरून चांगला भराव दीर्घायुषी असतो हे स्पष्ट होते. तथापि त्याच्या पायथ्याशी वस्ती वाढलेली असल्यास दुर्लक्षाची किंमतही त्याच प्रमाणात वाढते.