नारूचा माग

महाराष्ट्रांतील जुन्या पिढीस नारू अपरिचित नव्हता. पायऱ्यांच्या विहिरींत उतरणाऱ्या रोग्याच्या पायांतून दीड-दोन हात लांबीचा कृमि डोकावे नि पाण्यांत असंख्य अळ्या सोडी. सायक्लॉप्स नांवाचा सूक्ष्म जलजीव त्या गिळी. तें पाणी न गाळतां पिणाऱ्याच्या देहांत रोग शिरे. सायक्लॉप्सचें हें रहस्य रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को ह्यानें १८७० च्या सुमारास उकललें. ह्या रोगास औषध नाहीं; फडक्यानें पाणी गाळणें हाच खरा उपाय. त्याच बळावर भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं नोंदला गेला आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. परंतु २०१२ पासून आफ्रिकेंतील चाड देशांत कुत्र्यांच्या अंगीं तोच कृमि सांपडूं लागला. माणसांतून हुसकलेला शत्रु जनावरांत दडतो. म्हणून त्याचा माग तेथेंहि काढावा लागतो.