पहिली रेघ आणि शेवटची रेघ

नोकरी आयटीत आणि डिग्री मेकॅनिकलची, हा आपल्याकडचा नेहमीचाच प्रकार. मीही त्यातलाच. पण कॉलेजच्या लॅबमधला स्टायलस प्रोफायलर काही डोक्यातून जात नाही. ग्रामोफोनची आठवण व्हावी असं यंत्र. साधारण २ मायक्रॉन त्रिज्येचं हिऱ्याचं टोक धातूवरून ओढायचं आणि ते किती वरखाली होतं ते मोजायचं. (आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज बांधा!)

त्याआधी कारखान्यात गुळगुळीतपणा नखाने ठरायचा. नमुन्यावर नख फिरवायचं, मग जॉबवर, आणि "चालेल" म्हणायचं. जर्मनीत श्माल्ट्झ यांनी १९२९ मध्ये सुईची हालचाल प्रकाशकिरणाने मोठी करून टिपली. १९३३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या अ‍ॅबट आणि फायरस्टोन यांनी पृष्ठभागाचा दर्जा आकड्यांत सांगायची रीत मांडली. १९४१ मध्ये, ऐन युद्धात, इंग्लंडमधल्या लेस्टरला रिचर्ड रीझन यांचं टॅलीसर्फ आलं. कागदावर आलेख आणि सोबत सरासरी खडबडीतपणाचा एक आकडा.

या आलेखाने भल्याभल्यांना फसवलं, बरं का. उंची हजारो पट मोठी, लांबी मात्र शंभरेक पटच. त्यामुळे ग्राइंड केलेला जॉबसुद्धा सह्याद्रीच्या कड्यांसारखा दिसायचा. प्रत्यक्षात ते चढ फार तर काही अंशांचे!

दुसरी फसवणूक जास्त खोल होती. एका रेघेत दिसणारं शिखर हे खरं शिखर नसतंच बहुधा, ती डोंगराची सोंड असते. सिंहगडाच्या पायथ्याच्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच चढ मोजून गडाची उंची सांगण्यातला प्रकार. आणि दोन धातू एकमेकांना टेकतात ते खऱ्या शिखरांवरच. अमेरिकेत विजेचे कनेक्टर बनवणाऱ्या बर्न्डी कंपनीतल्या ग्रीनवुड आणि विल्यमसन यांचा १९६६ चा प्रसिद्ध निबंध याच स्पर्शाबद्दल आहे. वीज जाणार ती त्या चिमुकल्या टेकड्यांमधूनच ना! पुढे विल्यमसननी १९६७-६८ मध्ये जवळजवळ समांतर रेघा घेऊन पृष्ठभागाचा चक्क नकाशा काढला.

इथून त्रिमिती स्कॅन सुरू झाला आणि एक नवीनच दुखणंही. वेळ!

साधा हिशोब करा. १ मिलिमीटरचा चौकोन, दर ५ मायक्रॉनला एक रेघ, म्हणजे २०० रेघा. एका रेघेला येऊन-जाऊन २० सेकंद धरले तरी तासाच्या वर. तेवढ्यात खोली १ अंशाने तापली तर यंत्राचा १० सेंटिमीटरचा पोलादी खांब १ मायक्रॉनहून जास्त वाढतो. आणि आपण मोजतोय अर्ध्या मायक्रॉनच्या टेकड्या! म्हणजे प्रत्येक रेघेचं शून्य वेगळं. टोकाला धुळीचा कण चिकटला तर त्या रेघेपासून पुढे सगळंच वर सरकतं. म्हणून स्क्रीनवर नकाशा रेघारेघांनी उमटताना समोर बसून बघावं लागतं. कंटाळवाणं काम, पण पायरी दिसली की तिथेच थांबवता येतं. २०१२ मध्ये आयएसओ २५१७८ च्या दुसऱ्या भागाने या नकाशांवरून काढायच्या आकड्यांच्या व्याख्या पक्क्या केल्या. समोर बसणं काही त्याने सुटलं नाही.

मी बसलो नव्हतो. स्कॅन लावला आणि जेवायला गेलो. मधे वीज जाऊन आली. यंत्र यूपीएसवर होतं, एसी नव्हता. परत आलो तर नकाशाला एका बाजूने सुंदर उतार! सॉफ्टवेअरमध्ये रेघा समतल करायचं बटण होतं. एक क्लिक, नकाशा सपाट. प्रिंट काढलं, जर्नलमध्ये लावलं, मार्कही मिळाले.

ते बटण काय करतं हे नोकरीत स्वतः असला कोड लिहिताना कळलं. प्रत्येक रेघेची सरासरी उंची सारखीच आहे असं ते धरून चालतं. मग तापमानाने आलेला उतार जातो, आणि धातूत खरोखर असलेला त्याच दिशेचा उतार किंवा लाटही जाते. दोन्ही वेगळे करायला सोपा उपाय आहे: स्कॅन संपल्यावर पहिली रेघ पुन्हा एकदा घ्यायची. दोनदा मोजलेल्या त्याच जागेच्या उंचीत जो फरक पडला, तो यंत्राचा.

दोन मिनिटांचंही काम नव्हतं. मी ती रेघ घेतली नव्हती, आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं होतं. जॉब तर केव्हाच भंगारात गेला असणार.