सातपुड्याच्या पायथ्याची बातमीदारी

इसवी सन 1831 मध्ये यावल आणि सावदा या परगण्यांत दरोडे आणि लुटालूट यांनी प्रजा त्रस्त झाली असता, त्या कृत्यांमागे कोण आहेत याचा छडा लावण्याची कामगिरी कंपनी सरकारने खानदेश भिल्ल पलटणीचा अधिकारी जेम्स औट्रम याच्यावर सोपविली. आणि त्याने पलटणीतील मोजके शिपाई बरोबर घेऊन 469 इसम गिरफ्तार केले, पैकी 158 जण चौकशीअंती न्यायासनाकडे पाठविण्यात आले, अशी नोंद त्याच्या चरित्रात आढळते. पुढे 1857 साली लखनौच्या रणांगणावर ज्याने नाव मिळविले, त्या पुरुषाच्या आयुष्यात यावलचे हे प्रकरण दोन ओळींत आटोपावे यात नवल नाही. परंतु ज्या मुलखात ते घडले त्या मुलखातील मनुष्याने त्या दोन ओळींवर रेंगाळणे अगत्याचे आहे. मूठभर शिपायांनी पाचशेच्या घरात माणसे पकडली, ती तलवारीच्या जोरावर खास नव्हे. कोणत्या वस्तीत कोण राहतो, लुटीचा माल कोणत्या दरीत उतरला, कोणाची सोयरीक कोणाशी, हे सारे कोणीतरी सांगितल्याखेरीज असा हात मारता येत नाही. आणि ज्यांनी ते सांगितले त्यांतील एकाचेही नाव त्या चरित्रकाराला द्यावेसे वाटले नाही.

यावलचे स्थानच असे, की बातमीवाचून येथे कोणाचेही राज्य चालणे कठीण. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस तापीचे काळेभोर खोरे, आणि या दोहोंच्या मधून, डोंगराच्या पायथ्यापायथ्याने, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, अडावद, चोपडा अशी गावे ओवीत बऱ्हाणपुरापासून पश्चिमेकडे जाणारी वाट. व्यापारी, सारवान, बैरागी, पळालेला शिपाई, सारे याच पट्ट्यातून जात, आणि डोंगरात दिसेनासे व्हायला एक रात्र पुरे होई. देशी कागद आणि नीळ यांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेले हे गाव 1788 साली शिंद्यांनी निंबाळकरांना दिले. 1821 च्या सुमारास ते इंग्रजांकडे आले, 1837 साली पुन्हा शिंद्यांकडे गेले आणि 1843 साली कायमचे इंग्रजी अमलाखाली आले. धनी असे वारंवार पालटत असता कचेरीतले कारकून बदलले, शिक्के बदलले. परंतु रानातली पायवाट जाणणारा मनुष्य जेथल्या तेथे राहिला, आणि प्रत्येक नव्या धन्याला त्याच्याच दाराशी जावे लागले.

तो मनुष्य म्हणजे गावचा जागल्या. खानदेशात हे काम बहुधा भिल्लांकडे असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी 1819 साली जो विस्तृत अहवाल लिहिला, त्यात या गावरखवालदाराच्या कर्तव्यांचे वर्णन मोठ्या बारकाईने केलेले आहे. रात्री गावात फिरावे, आला गेला कोण हे पाहावे, परका मनुष्य दिसल्यास पाटलास वर्दी द्यावी, गावातील प्रत्येकाची चालचलणूक ध्यानात ठेवावी, हे त्याचे नित्याचे काम. परंतु त्याची खरी विद्या चोरी झाल्यावर प्रकट होई. भल्या पहाटे, गुरे सुटून धूळ विसकटण्यापूर्वी, तो पाऊलखुणेशी ओणवा बसे. टाच किती रुतली, अंगठा आत वळला आहे की बाहेर, वहाण कोणत्या अंगाने झिजली आहे, ओझे डोक्यावर होते की पाठीवर, हे नजरेने टिपून तो पावलाचे माप घेई आणि माग काढीत निघे. ओढ्याच्या वाळूत माग ठळक उमटे, मुरमात पुसट होई, खडकावर नाहीसा होई. तेथे तो वळसा घालून पलीकडची माती धुंडाळी. शिवेशी पोचल्यावर ते माप पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करावयाचे आणि मोकळे व्हावयाचे. ज्या गावच्या शिवारात माग विरून जाई त्या गावावर चोरीच्या भरपाईची जबाबदारी पडे; म्हणून माग आपल्या शिवेबाहेर नेऊन दाखविण्यात साऱ्या गावाचे हित असे. गावाने पोसलेल्या आणि गावालाच उत्तरदायी असलेल्या या व्यवस्थेत बातमीचा दुरुपयोग होत नसेल असे नव्हे, पण जो बोलला तो कोण हे चावडीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे. आणि मला या गोष्टीचे मोल फार वाटते.

राजसत्तेची बातमीदारी निराळ्या जातीची. 1601 साली असीरगड अकबराच्या हाती पडून खानदेश मोगली सुभा झाला, तेव्हा बऱ्हाणपुरात वाकेनवीस आला. सुभ्यात घडेल ते लिहून दरबारास पाठविणे हे त्याचे उघड काम, आणि त्याने लिहिले ते खरे की खोटे हे सुभेदाराच्याही नकळत कळविण्यासाठी खुफियानवीस. मराठ्यांनी या यंत्राला पायांचा वेग दिला. जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेने बखर रचणाऱ्या सभासदाने सुरतेच्या प्रकरणात बहिर्जी जासुदाचे नाव आवर्जून घेतले आहे, आणि हेराच्या वाट्यास असा मान क्वचितच येतो. 1681 च्या जानेवारीत संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर झडप घातली, त्या वेळी सुभेदार खानजहान शहरात नव्हता. एवढा अचूक समय केवळ दैवाने साधला असे मानावयास मी तयार नाही. पेशवाईच्या पत्रांतून तर ‘जासूदजोडी रवाना केली’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की वाचणारा त्यांवरून पुढे सरकतो. जासूद जोडीने पाठवीत, कारण एक आजारी पडला, मारला गेला किंवा फितला तरी दुसरा पोचावा. लखोट्यात थोडे लिहिलेले असे. उरलेले त्यांच्या तोंडी असे.

1818 नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशात आला, आणि डोंगरातल्या नाईकांना तनखे बांधून देऊन, भिल्लांचे रखवालीचे हक्क मान्य करून त्याने मुलूख शांत करण्याचा यत्न आरंभिला. पुढे फेरिश्त्याचा इतिहास इंग्रजीत आणणारा तो हाच ब्रिग्ज. 1825 साली भिल्ल पलटण उभी राहिली आणि तिचे ठाणे धरणगावास झाले. औट्रम भिल्लांच्या हट्ट्यांत, म्हणजे वस्त्यांत, निःशस्त्र जाई, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस निघे, आणि असा त्याने त्यांचा विश्वास संपादन केला. त्याच्या धैर्याविषयी मला शंका नाही. परंतु या विश्वासाचा परिपाक काय झाला तेही पाहिले पाहिजे. जागल्याचे ज्ञान गावच्या शिवेपुरते होते ते आता पलटणीच्या दप्तरात गेले; माग काढणारा पूर्वी गावाला जबाब देई, तो आता साहेबाला देऊ लागला; आणि ज्यांच्याविरुद्ध बातमी दिली ते बहुधा त्याच्याच रानातले, त्याच्याच बोलीचे होते. 469 मधून 158 वजा केले की 311 उरतात. एवढी माणसे पकडली गेली आणि न्यायासनापर्यंत पोचली नाहीत. कोणाचे वैर, कोणाचा बांधाचा तंटा, कोणाची बक्षिसाची आशा या आकड्यात मिसळली असेल! कोठडीतून सुटून घरी परतलेल्या त्या 311 जणांचा वृत्तांत माझ्या मते यावलच्या इतिहासाचा गाभा आहे.

हेच ज्ञान उलटेही फिरते, याचा प्रत्यय सरकारला लवकरच आला. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक 1857 साली बंड करून उठला आणि त्याच घाटात सरकारी खजिना लुटला गेला. 1858 च्या एप्रिलात आंबापाणीस मोठी लढाई द्यावी लागली. घाटाचा प्रत्येक आडोसा सरकारनेच त्याच्याकडून राखून घेतला होता.

त्यानंतरच्या काळात बातमीदारी कचेरीत बसली. 1887 साली मध्यवर्ती विशेष शाखा निघाली, 1904 साली गुन्हे-वार्ता खाते झाले, आणि पहाऱ्याचा रोख दरोडेखोरावरून राजकीय कार्यकर्त्याकडे वळला. 1936 च्या डिसेंबरात याच यावल तालुक्यातील फैजपुरास राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. धनाजी नाना चौधरी यांनी गावोगाव हिंडून तयारी केली, नंदलाल बोस यांनी बांबूच्या कामाने टिळकनगर सजविले, जवाहरलाल अध्यक्ष होते. त्या मेळ्यात मानवेंद्रनाथ रॉय होते. ज्यांच्या मागावर ब्रिटिश हेर देशोदेशी होते, जे 1930 च्या अखेरीस खोट्या नावाने हिंदुस्थानात शिरून 1931 च्या जुलैपर्यंत पोलिसांना चकवीत राहिले, ते नोव्हेंबरात तुरुंगातून सुटून महिन्याभरात खानदेशच्या मोकळ्या रानात, हजारो शेतकऱ्यांच्या देखत, उघड्या तोंडाने उभे होते. ज्यांच्या कारकीर्दीत रॉय यांच्यावर पाळत होती ते हिंदुस्थानच्या गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख डेव्हिड पेट्री पुढे 1941 मध्ये इंग्लंडच्या अंतर्गत हेरखात्याचे मुख्य झाले. म्हणजे येथल्या कार्यकर्त्यांवर पाळत ठेवून मिळविलेला अनुभव जर्मन हेरांविरुद्ध कामी आला. त्या काळचे पोलिसांचे गोपनीय कागद स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथांत 1957 पासून छापावयास घेतले. छापून आलेल्या अहवालांत पुढाऱ्यांचे नाव असते, सभेची तारीख असते, भाषणाचा गोषवारा असतो. सभेत बसून तो टिपणारा मात्र अनामिकच.

ही अनामिकता कायद्यानेच दिलेली आहे. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याच्या कलम 125 अन्वये गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नसे, आणि नव्या कायद्यातही ते संरक्षण राखले आहे. बातमीदाराच्या जिवाची काळजी घेतलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. गावात मात्र 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील हा पद घेऊन, नाव लावून, तोंड दाखवून वर्दी देणारा राहिला आहे. संशयित आला, भांडण पेटले, शस्त्र दिसले की ठाण्यास कळविण्याचे काम त्याचे, आणि ज्याच्याविषयी कळविले तो उद्या सकाळी त्याच्याच पारावर भेटणार. खबर चुकीची निघाली तर तिचा जाब विचारण्यासाठी गावाला माणूस ठाऊक असतो. उरलेल्या खबरींसाठी फिर्यादीत एकच ठरीव वाक्य येते, ‘गोपनीय बातमीदारामार्फत बातमी मिळाली’. आणि ज्या निरपराधाचे नाव त्या बातमीने पुढे आले, त्याचे नाव मात्र फिर्यादीत, पंचनाम्यात आणि गावाच्या स्मरणात पूर्णपणे, वडिलांच्या नावासकट, राहते.