दादासाहेब फाळके आणि 'सेव्ह फॉर वेब'

नाशिककराला दादासाहेब फाळक्यांबद्दल काही सांगायला जाणं म्हणजे पंचवटीत जाऊन रामाची गोष्ट सांगण्यासारखं आहे. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. शेवट नाशिकचा, १६ फेब्रुवारी १९४४. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक, आणि मधे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. एवढं आम्हाला शाळेपासून पाठ. पण सिनेमा काढला तेव्हा फाळक्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्याआधी हा माणूस काय करत होता?

अनेक उद्योग केले, पण त्यातला महत्त्वाचा एक असा: फोटो आणि चित्रं छपाईसाठी तयार करणं. म्हणजे आपण वेब पेजसाठी जे करतो, जवळजवळ तेच!

आयटीतल्या बहुतेकांनी हे काम कधी ना कधी केलेलं असतं. फोटोशॉप उघडायचं, फोटो कापायचा, लहान करायचा, 'सेव्ह फॉर वेब' म्हणायचं आणि क्वालिटीची पट्टी डावीकडे सरकवत बसायचं. फोटो फाटायला लागला की पट्टी थोडी उजवीकडे. हलकं समजलं जाणारं, बहुधा टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या गळ्यात पडणारं काम. त्याला इतिहास वगैरे असेल असं कोणाला वाटत नाही. पण आहे, आणि चांगला शंभर वर्षांहून जुना आहे.

ब्लॉकवाले फाळके

फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. फोटोग्राफी आणि ब्लॉक करण्याचं तंत्र ते या काळात शिकले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. ती सोडून १९०८ च्या सुमाराला लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. राजा रवि वर्मा प्रेसचं काम तिथे होत असे. छापखाना नंतर दादरला आला, आणि १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. भागीदारांशी बिनसलं आणि १९११ मध्ये ते बाहेर पडले. त्यानंतर सिनेमा.

आता ब्लॉक म्हणजे काय ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे. छपाईच्या यंत्राला करडा रंग समजत नाही. कागदावर एखाद्या जागी शाई लागते, नाहीतर लागत नाही. एक किंवा शून्य! मग फोटोतल्या सावल्या छापायच्या कशा? त्यावर उपाय निघाला तो हाफटोनचा. बारीक रेघा आखलेल्या दोन काचा एकमेकींना अशा चिकटवायच्या की रेघा काटकोनात येऊन जाळी तयार होते. ही जाळी कॅमेऱ्यात फिल्मच्या किंवा प्लेटच्या पुढे ठेवून चित्राचा फोटो घ्यायचा. चित्र ठिपक्यांत फुटतं. गडद भागात ठिपके मोठे, उजळ भागात छोटे. ते तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, आम्लाने कोरायचे, की झाला ब्लॉक तयार. मग तो खिळ्यांच्या मजकुराशेजारी बसवून छापायचा. वाचणाऱ्याचा डोळा लांबून ठिपके एकत्र करतो आणि त्याला सावल्या दिसतात.

गंमत म्हणजे जाळी किती बारीक घ्यायची हे फोटो बघून ठरत नसे, कागद बघून ठरत असे. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचाला साधारण ६५ ते ८५ रेघांची जाळी. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर १३३ किंवा १५०. स्वस्त कागदावर बारीक जाळी वापरली तर शाई पसरून ठिपके एकमेकांत मिसळतात आणि माणसाच्या चेहऱ्याचा काळा ठोकळा होतो. म्हणजे तपशील जास्त ठेवायला जावं तर सगळंच जातं. चांगला ब्लॉकमेकर तो, ज्याला काय टाकून द्यायचं ते कळतं.

कागदाच्या जागी फोनची वायर

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलच्या कृपेने. मोडेमचा तो कर्कश आवाज ज्यांना आठवतो त्यांना पुढचा हिशोब लगेच पटेल. १६०० × १२०० चा फोटो म्हणजे १९ लाख २० हजार पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर सुमारे ५८ लाख बाइट. ३३.६ केबीपीएसच्या लाइनवर हा फोटो यायला जवळजवळ २३ मिनिटं लागतील, तीही मधे लाइन कटली नाही तर! तोच फोटो ४०० × ३०० केला की पिक्सेल सोळापट कमी. वर जेपेग करून २५ केबीवर आणला की काम सहा सेकंदांत होतं. म्हणजे इथेही कागद बघूनच जाळी निवडायची, फक्त कागदाच्या जागी टेलिफोनची वायर आली.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची, म्हणजे वेब लोकांपर्यंत पोचायच्या आधीची. ते मुळात छपाईच्या कामात रुळलेलं सॉफ्टवेअर. वेबसाठी अडोबीने १९९८ मध्ये इमेजरेडी हा वेगळा प्रोग्राम आणला, आणि १९९९ च्या फोटोशॉप ५.५ मध्ये 'सेव्ह फॉर वेब' आलं. त्यातली चार खिडक्यांची सोय मला फार आवडायची. एका खिडकीत मूळ चित्र, बाकी तिघींत वेगवेगळ्या सेटिंगच्या प्रती, आणि खाली प्रत्येकीचं वजन आणि मोडेमवर उतरायला लागणारा वेळ. किती गमावलं आणि किती कमावलं, समोरासमोर.

फोटोसाठी जेपेग, लोगो आणि अक्षरांसाठी गिफ, हा त्या काळचा मंत्र. गिफ १९८७ चं, रंग जास्तीत जास्त २५६. जेपेग १९९२ चं. ते चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक चढउतार टाकून देतं. यामागचं गणित डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी. ते मांडणारे नासिर अहमद मूळचे बंगलोरचे. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. तरी काम चालू ठेवलं, आणि १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह निबंध छापला. आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये ते गणित चालतंय.

आपल्या मराठीचा यात वेगळाच छळ झाला. देवनागरी फॉन्ट वाचणाऱ्याच्या मशीनवर असेलच याची खात्री नसायची, म्हणून मथळे सर्रास चित्र करून टाकले जायचे. ते जेपेग केले की शिरोरेखेभोवती मळकट ठिपक्यांची झालर यायची, म्हणून गिफ. दिसायला छान, पण मजकूर चित्रात गेल्यामुळे सर्च इंजिनच्या लेखी तो नव्हताच. युनिकोड रुळल्यावर हे थांबलं. पण त्या चित्रांत अडकलेलं मराठी आजही शोधून सापडत नाही.

राहिलं काय?

इथे मुद्द्यावर येतो. ब्लॉक काय किंवा २५ केबीचं जेपेग काय, ही वाहून नेण्यासाठी केलेली प्रत आहे. मूळ वस्तू नव्हे. मूळ जपून ठेवलेलं आहे या भरवशावर आपण तपशील टाकून देतो. तो भरवसाच खोटा निघाला तर?

आमच्या घरातलंच बघा. २००३ च्या सिंहस्थात मावसभावाने रामकुंडावर पुष्कळ फोटो काढले. काही वर्षांनी त्याची हार्ड डिस्क गेली. आज आमच्याकडे आहेत त्या फक्त मेलने पाठवण्यासाठी केलेल्या ६४० × ४८० च्या प्रती. त्यात आजी कुठे उभी आहे ते साडीच्या रंगावरून ओळखायचं. चेहऱ्याच्या वाट्याला मोजके चौकोन आलेत.

आणि फाळके? 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं आहेत. तीसुद्धा १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. नाशिकला आल्यावर फाळक्यांनी एकामागून एक चित्रपट काढले, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्या सगळ्या कामातले तुकडेच काय ते उरलेत. आता हे तुकडे आपण बघतो ते ऑनलाइन, पुन्हा चौकोन पाडून बारीक केलेले. मूळ निगेटिव्ह, त्याची प्रत, प्रतीची डिजिटल फाइल, तिची बारीक केलेली फाइल. दरवेळी थोडं थोडं गळत गेलेलं.

फोटोशॉपमध्ये 'सेव्ह फॉर वेब'च्या पुढे २०१५ पासून 'लेगसी' असा शब्द लागला. हल्ली कोणी पट्टी सरकवत बसत नाही, व्हॉट्सअ‍ॅप न विचारता फोटो बारीक करून टाकतं. सोय उत्तम आहे, तक्रार नाही. फक्त पूर्वी चार खिडक्यांत समोर दिसायचं की आपण काय टाकतोय. आता ते दिसत नाही, आणि लग्नांचे, बारशांचे आल्बम ग्रुपवरच्या फॉरवर्डमधून तयार होतात.

तेव्हा मंडळी, या वीकएंडला एक काम करा. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मग हव्या तेवढ्या बारीक प्रती काढा आणि खुशाल वाटा.