तळटीप १२ : चुंबकविद्युत पॉलिमर

१२. चुंबकविद्युत पॉलिमर : चुंबकीय क्षेत्रातला बदल विद्युत दाबाच्या रूपात दाखवणारा लवचीक पदार्थ. पीव्हीडीएफ या प्लास्टिकवर ताण आला की वीज निर्माण होते; हा गुण जपानच्या कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवला. त्यात कोबाल्ट फेराइटचे सूक्ष्म कण मिसळतात. चुंबकीय क्षेत्र बदलले की कणांचा आकार किंचित बदलतो आणि प्लास्टिकवर ताण येतो. या मिश्रणाची शाई करून स्क्रीन प्रिंटिंगने पातळ फिल्मवर संवेदक छापता येतात. चुंबकीय क्षेत्रातले बदल इतर साधनांनीही मोजतात : रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून भूचुंबकीय नोंदी होतात, त्या मात्र मॅग्नेटोमीटरने. मुंबईतील विजेच्या ट्रामचा व्यत्यय टाळण्यासाठी हे काम कुलाब्याहून तिथे हलवले गेले.