पाण्यातील गोगलगाय आणि पायांची खाज

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागात भाताच्या आवणीसाठी तासन्‌तास पाण्यात उभे राहावे लागते. असे काम केल्यावर किंवा तळ्यात पोहल्यावर पायांना खाज सुटून लाल पुरळ आले, तर त्यामागे पाण्यातील एक छोटी गोगलगाय असू शकते.

ही गोगलगाय कोणती?
तिचे नाव इंडोप्लॅनॉर्बिस एक्सस्टस. शंख चपटा, चकलीसारखा गुंडाळलेला असतो. ती तळी, खाचरे, डबकी अशा संथ पाण्यात राहते आणि श्वास घ्यायला पृष्ठभागावर येते.

खाज का सुटते?
गोगलगाय चावत नाही. गाई-म्हशींच्या रक्तातील शिस्टोसोमा जातीच्या कृमींची अंडी शेणातून किंवा नाकाच्या स्रावातून पाण्यात जातात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगायीत वाढतात. पुढे तिच्यातून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या माणसाच्या त्वचेत शिरतात, पण तिथेच मरतात. खाज ही त्यांची अ‍ॅलर्जी असते.

लक्षणे
• पाण्यातून आल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत चुणचुण व खाज
• पाण्यात बुडालेल्या भागावरच लाल पुटकुळ्या
• पुन्हा पुन्हा संपर्क आल्यास अधिक त्रास

चिखल्या बहुतेक बोटांच्या बेचक्यात होतात. हे पुरळ पोटऱ्या-मांड्यांवरही येते. ते एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

उपचार
पुरळ साधारण आठवड्याभरात, कधी थोडे उशिरा, आपोआप बरे होते. थंड पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन लोशनने आराम पडतो. खाज जास्त असल्यास डॉक्टर अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सौम्य स्टिरॉइड मलम देतात. दुकानातून मनाने मलम आणू नका. खाजवल्याने जखमेत पू होऊ शकतो.

लघवीतून रक्त जाईल का?
गुरांच्या या कृमींमुळे नाही. माणसाच्या मूत्राशयाला त्रास देणारा शिस्टोसोमा वेगळा. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात 1952 मध्ये त्याची नोंद झाली होती. तिथे फेरिसिया टेनुइस ही काही मिलिमीटरची गोगलगाय वाहक मानली गेली. तरीही लघवीतून रक्त गेल्यास, कारण काहीही असो, तपासणी करून घ्या.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?
पाण्यात काम केल्यानंतरच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे ही खाजेची लक्षणे नव्हेत. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उशीर जिवावर बेतू शकतो. पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काळजी
• शक्य असल्यास गमबूट घाला
• बाहेर येताच स्वच्छ पाण्याने धुऊन टॉवेलने जोरात पुसा
• गुरे धुतात तिथे मुलांना पोहू देऊ नका
• बैल-गाय घुरघुरत असेल, तर पशुवैद्यकांना दाखवा